तरीवाल्याची सैल हॅट

मित्रांनो, मी काळ्या नमद्याची, रुंद काठाची एक म्हातारी हॅट आहे. एका बाजूने मला उंदरांनी कुरतडले आहे आणि माझी रेशमी फीत केव्हाच गळून पडली आहे. तरीही कोणी मला हातात घेऊन आत पाहिले, तर चामड्याच्या पट्टीमागे त्याला जाड लोकरी कापडाची एक घडी सापडेल. माझी सगळी कहाणी त्या घडीची आहे.

माझा जन्म बर्गन शहरात झाला. मॉन्स नावाच्या कारागिराने मेंढीची लोकर उकळत्या पाण्यात भिजवून, लाटून, पुन्हा भिजवून माझा नमदा केला. मग त्याने मला लाकडी ठोकळ्यावर ओढून बसवले. हा ठोकळा त्याच्या दुकानातला सर्वांत मोठा होता. त्यावर वर्षानुवर्षे कोणाची हॅट झाली नव्हती. समोर उभ्या असलेल्या माणसाचे डोके पाहून मॉन्स म्हणाला होता, "तुझ्या आईनं तुला जन्म दिला तेव्हा तिला किती सोसावं लागलं असेल रे."

"ती अजून त्याचाच हिशेब सांगते," तो माणूस हसत म्हणाला.

तो माणूस म्हणजे तोर्केल. उत्तरेकडच्या एका अरुंद खाडीवर तो तर, म्हणजे माणसांना पार नेणारी नाव, चालवत असे. अलीकडे देऊळ, दफनभूमी आणि त्याचे घर. पलीकडे डोंगराच्या पायथ्याला पाचपंचवीस घरे. पलीकडच्या धक्क्यावर काठीला पांढरे फडके चढले, की तोर्केल मला डोक्यावर चढवी आणि वल्ही उचली. गारा असोत, ऊन असो, मी त्याच्या कपाळावर अशी घट्ट बसे, की वाऱ्याची मला हात लावायची छाती होत नसे. पलीकडची माणसे म्हणत, "हॅट निघाली, चला खाली." त्याच्या चेहऱ्याआधी लोकांना मी दिसत असे. मला त्याचा अभिमान होता. हॅटीच्या नशिबात याहून मोठा मान नसतो.

तोर्केल आजारी आहे हे सर्वांत आधी मला कळले. माणसाचे गाल बसले तर लोकांना दिसते, पण कानांच्या वरची जागा आत गेली तर ती फक्त हॅटीला कळते. एका वसंतात मी त्याच्या डोक्यावर किंचित हलले. पूर्वी कधी हलले नव्हते.

त्या दिवशी नावेत त्याचा साडू स्युर बसला होता. तोर्केलच्या बायकोची, ब्रिताची, धाकटी बहीण इंगेब्योर हिचा हा नवरा पलीकडे राहत असे. जिभेला त्याच्या हाड नव्हते. मी भिवईपर्यंत घसरलेली पाहून तो म्हणाला, "काय रे, हॅट वाढली की अक्कल गळाली?"

"नमदा पाण्यानं पसरला असेल," तोर्केल म्हणाला.

मित्रांनो, नमदा पाण्याने आक्रसतो, पसरत नाही. हे तोर्केललाही ठाऊक होते. त्याने वल्ही थांबवली, खोकला, आणि मग पाण्यात थुंकून तिकडे बराच वेळ पाहत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात तोर्केल गेला. छातीच्या रोगाने त्याला असे पोखरले होते, की शेवटी शेवटी ब्रिता त्याला एकटीच उचलून कुशीवर वळवत असे. मला शवपेटीवर ठेवून देवळापर्यंत नेले आणि मग घरी आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवले.

ते घर तरीच्या कामाबरोबर मिळालेले होते. वल्ही ज्याच्या हातात, छप्पर त्याचे. जमीनदाराचा कारभारी येऊन उभ्या उभ्या सांगून गेला, "नाव एक दिवसही बंद राहता कामा नये. राहिली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, ब्रिताबाई. माझाही नाइलाज आहे."

घरात पुरुषमाणूस नव्हता. एकोणीस वर्षांची गुदवेग होती. तोर्केलची ती एकुलती एक मुलगी, बापाच्या आजारपणात निम्मी वल्ही तिनेच मारली होती. ती डोक्याला रुमाल बांधून निघाली, तेव्हा ब्रिताने मला खिळ्यावरून काढले.

"ही घाल."

"आई, ती माझ्या नाकापर्यंत येते."

"लोकांना हॅट ओळखीची आहे. रुमाल बघितला तर म्हणतील, पोरगी आली, आणि खाडीला वळसा घालून चालत जातील. मग कारभारी येईल."

हे खरेच होते. पण कारण तेवढेच नव्हते. गुदवेग परत आली तेव्हा ब्रिता खिडकीशी बसली होती आणि तिचे डोळे विचित्र चमकत होते. "खाडीच्या मध्यावर होतीस ना," ती म्हणाली, "तेव्हा अगदी तोच येतोय असं वाटलं."

त्या दिवसापासून ब्रिता खिडकी सोडेना. चुलीवर कॉफी उतू जाई, शेळ्या ओरडत, तरी ती पाण्यावरच्या माझ्याकडे बघत राही. संध्याकाळी ती मला मांडीवर घेई आणि आतल्या पट्टीला नाक लावून बसे. तिथे तोर्केलच्या कपाळाचा घामाचा काळा डाग होता.

आणि गुदवेगचे काय? तिचे डोके लहान, चेहरा अरुंद. मी तिच्या कानांवर टेकून राहत असे. ती मान वळवी तेव्हा डोके वळे, पण मी वळत नसे. वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढच्या वाटेकडे असते. त्याला घडोघडी खांद्यावरून मागे पाहावे लागते. गुदवेग मागे पाही आणि माझा काठ सरकून तिच्या डोळ्यावर येई. मग ती एका हाताने मला वर ढकली, तेवढ्यात नाव वाऱ्याने तिरकी होई.

तिने आत गवत कोंबून पाहिले. ते टोचे. मग वर्तमानपत्राच्या घड्या घालून पाहिल्या. पावसाची सर आली की त्यांचा लगदा होई आणि काळे पाणी तिच्या गालांवरून वाहे. धक्क्यावरची माणसे पोट धरून हसत. "कुत्र्याची छत्री आली रे वल्ही मारत," स्युर म्हणे. तो मनाने वाईट नव्हता. हसणे त्याला फुकट मिळत होते, म्हणून तो हसत असे.

एकदा गुदवेगने मला सुईदोऱ्याच्या डब्यासह आईपुढे ठेवले.

"आई, पट्टी उसवून आत कापड भर आणि मागून थोडी घडी घे. तुला येतं. बाबांची जाकिटं तू नाही का आत घेतलीस, शेवटी?"

ब्रिताने डबा बंद केला. "तिला सुई लावायची नाही."

"मला दिसत नाही गं."

"तो गेला तशीच राहू दे ती. एवढंच राहिलंय माझ्याकडे."

गुदवेग उठून भाकरी आणि खारवलेला मासा घेऊन कोपऱ्यात जेवायला बसली. घरात आईशिवाय कोणी नव्हते, आणि आईला नवऱ्याशिवाय कोणी दिसत नव्हते. मी खिळ्यावरून हे पाहत होते. हॅटीला बोलता येत नाही.

नाताळच्या आधी बायका एकत्र जमून वर्षभराच्या पातळ भाकऱ्या भाजतात. त्यासाठी इंगेब्योर बहिणीकडे यायला निघाली. पलीकडे पांढरे फडके चढले. आभाळ शिशासारखे होते आणि ओले हिमकण तिरके मारत होते. ब्रिता दारातून म्हणाली, "जपून." मग तिने माझा काठ सरळ केला, गुदवेगच्या सोयीसारखा नव्हे, तर स्वतःच्या मनासारखा.

परतीच्या वाटेवर इंगेब्योर मांडीवर पिठाची पिशवी धरून बसली होती. स्वभावाने ती बोलकी.

"अगं, ती हॅट काढ तरी. तुझे डोळे बघून वर्ष झालं."

"आई खिडकीत बसलेली असते, मावशी."

"बसू दे. मी बोलते तिच्याशी आज. माझं ऐकेल ती."

अलीकडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली एक खडक आहे. त्याला लांड्या म्हणतात. भरतीला तो दिसत नाही, नुसता पाण्याला पांढरा वळसा पडतो. तिथे पोचताना तोर्केल नेहमी दोनदा मागे पाही. गुदवेगनेही मागे पाहिले. वाऱ्याचा झोत आला, भिजून जड झालेली मी तिच्या दोन्ही डोळ्यांवर उतरले. तिने वल्हे सोडून मला वर ढकलले. तेवढ्या वेळात लाट नावेला घेऊन लांड्यावर आदळली.

मी पाण्यावर तरंगत राहिले. नमदा लवकर बुडत नाही. ब्रिताने खिडकीतून पाहिले तेव्हा तिला करड्या पाण्यावर नुसती हॅट दिसली. खाली नाव नव्हती, माणूस नव्हते. ती किनाऱ्याकडे पळाली ती अनवाणी, पिठाच्या हातांनी.

स्युर पलीकडच्या धक्क्यावरून सगळे पाहत होता. त्याने स्वतःची होडी लोटली. लांड्याला बिलगलेली गुदवेग त्याच्या हाती लागली. तिची बोटे खडकावरून सोडवावी लागली. इंगेब्योरचे लोकरी घागरे पाण्याने भरले होते. ती दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडली. मला लाटांनी ब्रिताच्या पायांशी आणून टाकले होते.

दफनाच्या दिवशी लोक कुजबुजत होते, की पोरीच्या हाती नाव द्यायलाच नको होती. स्युर थडग्याशी उभा होता. त्याने वळून पाहिले.

"पोरीला दिसत नव्हतं," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी बघितलं होतं ते. मी तर हसत होतो." नंतर तो खाडीचा लांब वळसा घालून पायी घरी गेला. त्यानंतर दर रविवारी तो बायकोच्या थडग्यावर असाच चालत येई. फडके चढवत नसे.

दुरुस्त झालेली नाव शेजारच्या गावचा माणूस चालवू लागला. कारभाऱ्याने उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली होती, तोवर वल्ही परत हाती घ्या, नाहीतर घर सोडा. गुदवेग चुलीकडे तोंड करून पडून असे. दोघी मायलेकींत जेवायला हाक मारण्यापलीकडे शब्द उरला नव्हता.

एका सकाळी ब्रिताने मला मांडीवर घेतले. यावेळी तिने नाक लावले नाही. तिने कात्रीच्या टोकाने चामड्याच्या पट्टीची एकेक टीप उसवली. तोर्केलचा डाग उलटा झाला, नमद्याच्या बाजूला गेला. तिने स्वतःच्या जाड घागऱ्याची किनार कापली आणि लेकीपुढे जाऊन उभी राहिली.

"ऊठ. माप घेऊ दे."

गुदवेग उठून बसली. ब्रिताने तिच्या कपाळाभोवती दोरा फिरवला. कितीतरी महिन्यांनी ती तिच्या तोंडाकडे बघत होती. तिचा दोरा धरलेला हात थांबला.

"इथं खोक पडलीय तुला. केव्हा?"

"खडकावर. तेव्हाच."

"मला दिसली नाही."

"तू बघितलं नाहीस, आई."

ब्रिताने मान हलवली. रडली नाही. तिने मला किटलीच्या वाफेवर धरले, गोल फिरवत, नमदा मऊ पडेपर्यंत. मग मला ओलीच गुदवेगच्या डोक्यावर बसवले आणि दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. मी सुकत गेले तशी आवळत गेले. तोर्केलच्या डोक्याचा आकार मला सोडून चालला होता. माझ्यातली शेवटची त्याची खूण होती ती. नंतर ब्रिताने कापडाची घडी पट्टीमागे भरली, कानांवरच्या बाजूंना जाड, कपाळाशी पातळ, म्हणजे हॅट कलू नये. मागे चामड्याला छोटी चुणी घेऊन तिने टीप घातली. हनुवटीखाली बांधायला बारीक गोफ लावला.

"मान वळव," ती म्हणाली. "आता दुसरीकडे."

मी दोन्हीकडे वळले.

उन्हाळा तोंडावर आला तरी गुदवेग नावेकडे फिरकली नव्हती. एका रविवारी पलीकडे पांढरे फडके चढले. दुसरा नावाडी देवळात गेलेला. ब्रिता खिडकीत आली आणि हळूच म्हणाली, "स्युर आहे."

गुदवेगने मला घातले. गोफ ब्रिताने बांधला. पलीकडे पोचल्यावर स्युर नावेत उतरला आणि इंगेब्योर बसायची त्या फळीवर बसला. त्याच्या हातात रानफुलांची जुडी होती. लांड्या जवळ आला. गुदवेगने खांद्यावरून मागे पाहिले, पुन्हा पाहिले.

"दिसतंय ना नीट?" स्युरने विचारले.

"दिसतंय, काका."

त्याने मान डोलावली आणि फुले पाण्याने भिजू नयेत म्हणून कोटाच्या आत धरली.

गुदवेगने पुढे कितीतरी वर्षे तर चालवली. घर राहिले. लोक मला पाहून म्हणू लागले, "गुदवेग निघाली." ब्रिता मात्र त्या हिवाळ्यानंतर पूर्वीसारखी कधी झाली नाही. बहिणीचे नाव निघाले की ती उठून बाहेर जाई. मग इंजिनाच्या नावा आल्या, वल्ही पडून राहिली, आणि मी नावेच्या छपरीत एका तुळईवर येऊन पडले. उंदरांना मी कोणाची ते ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. ती जपा. पण ती जिवंत माणसाच्या अंगावर चढवणार असाल, तर आधी त्याच्याकडे नीट पाहा, त्याचे माप घ्या, आणि मग खुशाल उसवा, कापा, शिवा. आम्हा जुन्या वस्तूंना सुईची भीती वाटत नाही.