हात अंगापासून लांब

"हात अंगापासून लांब ठेव, दादा," ती म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल तिनं तसाच बाजूला सारला. निजलेल्या पेशंटच्या मांड्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून तो मध्ये ठेवायचा असतो. तिच्या भावाला आता त्याची गरज नव्हती.

एकोणीस वर्षं ती इस्पितळाच्या या खोलीत हेच करत होती. पेशंटला दहा मिनिटं निजवायचं, हातापायाला दोन-दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि कळणारही नाही इतकी बारीक वीज अंगातून सोडायची. विजेला वाटेत किती अडथळा होतो त्यावरून यंत्र अंगातलं पाणी, चरबी, मांस सांगतं. चांगले आडदांड लोक शॉक बसेल म्हणून डोळे घट्ट मिटून घेत, तेव्हा तिला हसू यायचं. आज ते जवळपासही फिरकलं नाही.

दादा सुतार. एकेकाळी लाकडी कपाट एकटा तीन मजले चढवायचा आणि वर, कपाटापेक्षा तुमचा जिनाच जड, म्हणून घरमालकिणीला चिडवायचा. पोटातल्या गाठीनं त्याचं पार चिपाड केलं होतं. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, चरबी सोडून उरलेलं वजन चाळीस किलोच्या वर भरलं तर गुरुवारी ऑपरेशन. कमी भरलं तर ते त्याला टेबलावर घेणार नव्हते, कारण तो तिथून परत आला नसता.

यंत्रातून चिठ्ठी आली. बेचाळीस.

तिच्या जिवात जीव आला. दाराबाहेर बसलेल्या वहिनीला सांगायला ती वळली आणि तिचं लक्ष गेलं. थंडी वाजली म्हणून दादानं हात सदऱ्याखाली, उघड्या पोटाशी घेतला होता. हात अंगाला लागला की विजेला जवळची वाट मिळते आणि आकडा फुगतो. नव्या नर्सना हेच सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. ती चिठ्ठी तिला फार फार हवी होती.

"काय आलं?" दादानं विचारलं.

"हात हलला तुझा. परत घ्यावं लागेल."

लहानपणी ती काही लपवायला लागली की तो बघायचा, तसंच त्यानं पाहिलं. "यात पास होतो का मी?"

तिनं चिठ्ठी मुठीत घेतली.

"मग राहू दे ना हेच."

तिनं यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. मग त्यानं आपणहून हात लांब नेला. "घे परत. चुकीच्या मापाचं दार मी कुणाच्या घरात बसवलं नाही."

त्याची बोटं थंडीनं निळसर पडली होती. तिला ती धरता येत नव्हती, मोजताना दुसऱ्याचा हात चालत नाही.

छत्तीस.

तिनं सावकाश पट्ट्या काढल्या. त्याचा हात उचलून त्याच्या पोटावर ठेवला, वर टॉवेल उलगडून घातला. बाहेर वहिनीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.