एव्हरेट टॅडलॉकचा पर्यटक कर

एक नोव्हेंबर, सकाळचे नऊ. मेक्सिकोतल्या मेरिदाच्या विमानतळावर विमान कंपनीच्या खिडकीशी एक उंच, गोरा म्हातारा आला आणि त्याने पर्यटक कर परत मागितला.

यात नवल काही नव्हते. परदेशी पासपोर्टवर तिकीट काढले की हा कर आपोआप लागतो. जे परदेशी इथे कायमचे राहतात त्यांना तो माफ असतो, पण त्यासाठी स्वतः येऊन रहिवासी कार्ड दाखवावे लागते. खिडकीवरच्या नेल्सी कांचेने कार्ड पाहिले, चेहरा ताडून घेतला. गल्ला अजून उघडायचा होता. तिने त्याला पाळीचा लाल बिल्ला दिला आणि बाकावर बसायला सांगितले.

जाता जाता तो म्हणाला, "मी पर्यटक नाही. मी इथेच राहतो."

थोड्याच वेळात लोर्ना टॅडलॉक त्याच खिडकीशी आली. मूळची कॅनडातल्या विनिपेगची, पण गेली अकरा वर्षे मेरिदात राहणारी. हातात एकच बॅग आणि कर परत मागायला तिचे कार्ड.

"टॅडलॉक? मग दोघांचं एकदमच करते की," नेल्सी म्हणाली. "साहेबांना हाक मारा."

"कोणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. एव्हरेट ना? आत्ताच कार्ड दाखवून गेले. ते काय, बाकावर..."

बाकावर एक बाई मुलाला केळे भरवत होती. दुसरे कोणी नव्हते.

"पोरी," लोर्ना हळू आवाजात म्हणाली, "माझा नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला."

नेल्सीने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग दुसरं कोणी असेल. तुम्ही गोरे ग्रिंगो लोक सगळे सारखेच दिसता, राग मानू नका."

"कसा दिसत होता तो?"

"उंच. पिवळट मिशी. आणि एकाच पायात चप्पल. मला वाटलं, वय झालंय."

एव्हरेट प्रोग्रेसो बंदरातून मासेमारीला गेला होता. तीन दिवसांनी रिकामी होडी सापडली. तिच्यात त्याची एक चप्पल होती. प्रेत मिळाले नाही, म्हणून कागदोपत्री तो मेलाही नव्हता. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे ते विकता येत नव्हते, आणि घर विकल्याशिवाय तिला विनिपेगला लेकीकडे कायमचे जाणे परवडणार नव्हते. मंगळवारी न्यायालय त्याला मृत ठरवणार होते. होडी घेऊन गेल्या दिवसापासून त्याला कोणीही पाहिलेले नाही, असे तिने शपथेवर लिहून दिले होते. वकील विल्बर्थ उइकाब यांनी बजावलेही होते, "मंगळवारपर्यंत कोणी पाहिल्याचं कानावर आलं तर लपवू नका. मात्र मग ते बेपत्ता असल्याची सगळी वर्षं पहिल्यापासून मोजायची."

तिने घरी फोन लावला. घरकाम पाहणारी कांदिता पेच तिथे होती.

या दिवसांत मेरिदात मेलेली माणसे घरी जेवायला येतात. दोन वर्षे लोर्नाने एव्हरेटसाठी ताट-मेणबत्त्यांची मांडणी करू दिली नव्हती. यंदा निकाल तोंडावर आला होता, म्हणून ती तयार झाली. छापलेला फोटो सापडेना, तेव्हा तिने त्याचे रहिवासी कार्डच मेणबत्तीला टेकवून ठेवले.

कांदिताला ते तेव्हाच खटकले होते. बाईसाहेब म्हणावे तसे ती लोर्नाला दोन्या म्हणे. "फोटो ठेवा, दोन्या. हे कशाला? जी वस्तू मांडाल ती ते वापरायला घेतात. म्हणून तर आपण धुणंसुद्धा आधीच उरकतो, नाहीतर बिचारे आल्या आल्या धुवायला बसतात."

"एव्हरेट? त्याने जिवंतपणी रुमाल धुतला नाही," असे म्हणून लोर्ना हसली होती.

आता फोनवर तिने विचारले, "कांदिता, मांडणीवर कार्ड आहे का बघ."

फोनवर मांडणीकडे जाणारी पावले ऐकू आली. मग कांदिता म्हणाली, "नाही इथं. आणि चॉकलेटचा पेला अर्धा झालाय. मी नाही हं प्यायले."

लोर्ना विमानात चढली नाही. टॅक्सीने घरी पोचली तेव्हा कार्ड जागेवर होते, मेणबत्तीला टेकलेले. त्याच्यापुढे लाल बिल्ला होता.

"फोन ठेवल्यापासून मी उंबऱ्यावरनं उठलेसुद्धा नाही," कांदिता म्हणाली. "देवाशप्पथ."

विमानतळावरचा कॅमेरा गल्ल्यावर रोखलेला आहे. त्यात नेल्सीचे हात दिसतात. ते एक कार्ड घेतात, उलटून पाहतात, परत देतात, बिल्ला पुढे सरकवतात. समोरचा हात चौकटीत येत नाही.

मंगळवारी सकाळी उइकाबांचा फोन आला. "दोन्या, आत जाण्याआधी तुमच्याकडून एकच शब्द हवाय. त्यांना कोणी पाहिलंय का?"

"मी तुम्हाला फोन करते," लोर्ना म्हणाली. सुनावणी पुढे ढकलली गेली.

आठव्या दिवशी पुन्हा जेवण वाढून आत्म्यांना निरोप देतात. कांदिताने ताटे उचलली, मेणबत्त्या विझवल्या. कार्ड आणि बिल्ल्याला लोर्नाने हात लावू दिला नाही.

करापोटी द्यायची रक्कम विमान कंपनीच्या गल्ल्यात आहे. नियमाप्रमाणे, ज्याने बिल्ला घेतला त्यानेच तो घेऊन यायचा असतो. वकिलांना लोर्नाचा फोन अजून गेलेला नाही.