तुटलेलं डाउनलोड

लाइन गेली तशी हर्षा ओरडली, "मॉनिटर बंद करा सगळे! पंखेही!"

शहापूरच्या तिच्या नेट कॅफेतला हा शिरस्ताच होता. इन्व्हर्टरवर एकच संगणक चालायचा, तोही फक्त डाउनलोडपुरता. गिऱ्हाइकं मुकाट्यानं घाम पुसत. नेट तुटलं तरी हर्षाताईचं डाउनलोडचं वेगळं सॉफ्टवेअर थांबल्या जागेवरून पुढे सुरू होतं, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्याचा तिला कोण अभिमान!

आज धुरपतामावशी पदर सावरत बसली होती. तिची दामिनी राज्याच्या कबड्डी संघात खेळली होती. सामन्याची फिल्म संघाच्या साइटवर होती आणि संध्याकाळी ती साइटवरून काढून टाकणार होते. मायनं लेकीचा खेळ अजून पाहिलाच नव्हता.

"ताई, नव्या ब्राउझरमंदीच डाउनलोड येऊन राह्यलं," धाकटा भाऊ अंकुश म्हणाला. "वेगळं सॉफ्टवेअर कायले पाह्यजे आता?"

"ब्राउझरनं दाखवावं. आणाचं काम ज्याचं त्यानं करावं," हर्षानं त्याला उडवून लावलं.

पण तिच्या सॉफ्टवेअरला साइट आत घेईना. दामिनीनं दिलेला पासवर्ड टाकून ब्राउझर आत गेला होता, हे सॉफ्टवेअर मात्र बाहेरच ताटकळलं. हर्षानं सगळ्या खटपटी केल्या. ऊन कलत चाललं.

"नाही होत काय वो?" धुरपतानं हळूच विचारलं.

हर्षा खुर्चीवरून उठली. "अंकुश, तुह्या ब्राउझरात लाव."

मध्ये नेट एकदा तुटलं. अंकुशनं बटण दाबलं आणि फाइल होती तिथूनच पुढे निघाली. दिवेलागणीला दामिनी पडद्यावर धावली, तिघींना बाद करून परतली. धुरपता उभीच राहिली. "ते माही पोरगी होय!" तिनं सगळ्या कॅफेला सांगितलं. मग हर्षाचे हात धरले, "तुह्यामुळं पाह्यलं माय."

"माह्यामुळं नाही, मावशी," हर्षा सगळ्यांदेखत म्हणाली. "ब्राउझरनं आणलं. अंकुश सांगत होता, मीच ऐकत नोती." अंकुशनं मान खाली घातली.

सगळे गेल्यावर तिनं स्वतःच जुनं सॉफ्टवेअर काढायला घेतलं. खरंच काढायचं का, असं संगणकानं विचारलं. हर्षानं क्षणभर त्या नावाकडे पाहिलं. मग 'हो' दाबलं आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात म्हणाली, "या, बसा. काय आणून देऊ?"