पुढून फोटो, मागून पंप

उद्योजक हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा पाठीचा कणा असतो. हे वाक्य एका योजनेच्या कार्यालयात भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे. साखरखेर्ड्याकडे पाठ ही मुख्यतः फवारणीचा पंप अडकवायची जागा आहे, आणि तो पंप गळतो.

बीटी कपाशी आली तेव्हा गाडीवरच्या भोंग्यानं सांगितलं होतं की बोंडअळी संपली, आता पंप माळ्यावर टाका. अळीनं काही वर्षं भोंग्याचा मान ठेवला. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात ती बोंडात घर करून बसली, चांगली गुलाबी झाली, आणि लोकांनी दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारायला सुरुवात केली. औषध म्हणजे विष. आमच्याकडे विषालाच औषध म्हणतात, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही.

राबिया गावात ब्लाऊज शिवायची. त्या साली कोणी ब्लाऊज शिवून घेत नव्हतं. तिच्या शेजारीच राहणारा धाकटा भाऊ आसिफ रोजानं लोकांच्या कपाशीत फवारायचा. एका संध्याकाळी तो बनियन काढायला गेला, तर बनियनसोबत पाठीचं सालपटही निघालं. राबियानं आधी त्याला शिव्या दिल्या. मग खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी धुतली, मांजरपाटाच्या दोन थरांत घातली आणि लांब सदरा शिवला. पाठ अख्खी बंद, गुंड्या पुढे, वर डोकं झाकणारं टोपडं.

"बाजी, हा तं बुरखा हाय," आसिफ बहिणीला म्हणाला.

"हाव, बुरखाच हाय. घाल."

दुसऱ्या दिवशी शेतात दयारामनं त्याला पाहिलं. दयारामही फवारणीच्याच रोजावर. "काऊन बे, निकाहाले चाल्ला का?" म्हणून तो दुपारपर्यंत हसला. दुपारनंतर त्याच्या स्वतःच्या पाठीची आग व्हायला लागली. संध्याकाळी तो राबियाच्या दारात.

"बाजी, मलेबी एक बुरखा शिवून द्या. फक्त काळा नोका करू."

असा धंदा सुरू झाला. थोड्याच दिवसांत कपाशीत जिकडेतिकडे बुरखे फिरू लागले. सामाजिक ऐक्याचं इतकं ठळक दृश्य तालुक्यानं पाहिलं नव्हतं, आणि पाहून फारसं कोणाला बरं वाटलं असंही नाही.

मग योजनेचे साहेब आले. त्यांचं नाव माणिकराव.

"राबियाताई, संकटात संधी म्हणतात ती हीच! दोनशे शिवा. आजूबाजूच्या गावांत वाटू. बुरखा मात्र म्हणू नका. कवच म्हणू. आणि पाठीवर पाहुण्यांचा फोटो." पाहुणे म्हणजे ज्यांच्या हस्ते वाटप व्हायचं ते. नमुना म्हणून माणिकरावांनी आसिफच्या अंगावरचाच सदरा काढून घेतला आणि पुडक्यावर लाखेचं सील मारलं.

राबियानं नणंदेची मशीन उचलून आणली, दोन शेजारणी बसवल्या. आसिफ पुन्हा बनियनवर फवारू लागला.

"बाजी, माझा?"

"तू घरचा हायेस रे. आधी ऑर्डर होऊ दे."

ऑर्डर झाली. सदरे फोटोसकट कार्यालयाच्या गोदामात पोचले. तपासणीसाठी आसिफला त्यातला एक घालून उभा केला. त्यानं सवयीनं पंप पाठीवर चढवला आणि पाहुणे नाहीसे झाले. पंपाखालून थोडी हनुवटी तेवढी दिसत होती.

"फोटो कुठाय?" माणिकराव ओरडले.

"पंपामांगं हाय, साहेब," आसिफ म्हणाला. "पंप पाठीवरच राह्यते."

"मग फोटो पुढे घ्या."

"पुढं गुंड्या हायेत," राबिया म्हणाली. "पाहुण्याच्या नाकातून जातीन."

"तर गुंड्या मागे!"

"मांगून उघडा ठेवू? अहो, पंप गळते तो तिथंच गळते ना!"

"पंप गळू नये ही पंपवाल्याची जबाबदारी, ताई. आपल्याकडे फक्त फोटोची आहे."

"मंग हे दोनशे आहेत तसे वाटून टाका. लोक रोज फवारून राह्यले."

"नोंद झाली. आता नाही निघत."

"माझ्या भावाचा तरी द्या. त्याच्यावर कोणाचाच फोटो नाही."

"तो नमुना आहे. त्याला हात लावला तर तुमचं कवच मंजूर कशावरून करायचं?"

राबिया उभी राहिली. "मंग अळीले सांगा, मंजुरी येईपर्यंत थांब म्हणा! अन् पाहुण्याले सांगा, गळका पंप घेऊन उघड्या पाठीनं एक तास फिरून दाखव. त्याचा फोटो मी फुकट छापतो. पुढं छापतो, मांगं छापतो, बसाच्या जाग्यावर बी छापतो!"

"ताई, भाषा सांभाळा."

"भाषेनं कोणाची पाठ सोलत नाही, साहेब."

घरी येऊन तिनं सगळ्यांत आधी आसिफसाठी कापड फाडलं. सकाळी तो बनियनवरच कामाला गेला. सदरा दुपारी शेतात आणून देते म्हणाली. दुसरी बाही लावायची होती तेव्हा दयाराम त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एका माणसाला धरायला लावून, घेऊन आला. आसिफच्या तोंडाला फेस होता. तसाच पुढे बुलढाण्याला नेला. तो वाचला. डोळ्यांचं मात्र डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

राबियानं गुंड्या मागे घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा शहरातल्या कोणा पुरवठादारानं पुढे फोटो आणि मागे नाड्या असलेली कवचं बनवून दिली. तिचे दोनशे गोदामात तसेच राहिले. त्यांना आता निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढायची, मंजुरी लागणार होती.

वाटपाला मांडव घातला होता. पहिला लाभार्थी म्हणून आसिफला बोलावलं. दयारामनं त्याला हात धरून पायऱ्या चढवल्या. पाहुण्यांनी कवच घातलं, माणिकरावांनी मागे नाड्या बांधल्या, फोटोवाल्यानं सगळ्यांना पुढे बघायला सांगितलं.

"कसं वाटतंय?" पाहुण्यांनी माईक त्याच्या तोंडापुढे धरला.

आसिफनं छातीवरून हात फिरवला. "चांगलं हाय जी. फोटो कोणाचा हाय?"

टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, तो मान देतोय. राबिया मागच्या रांगेतून उठून चालती झाली. तिच्या खुर्चीवर लगेच दुसरं कोणी बसलं.

तेव्हा डिसेंबर संपत आला होता. अळीनं खाल्लेली कपाशी उपटून लोकांनी त्या रानात गहू पेरला होता.