दिवेलागणीचं कव्हर

माझ्या सासरी दिवेलागणीनंतर कुठलंही यंत्र उघडं राहत नाही. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळ्यांना कव्हर. शिंप्याचं घर, कापडाला काय तोटा! लग्न होऊन कानडी मुलखात, हिनकलला आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आमच्या नाशिकच्या घरी टीव्हीवर फार तर धूळ असायची.

माझे सासरे खंडोजीराव, त्यांना मी मामंजी म्हणते. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. गेल्या वर्षी हाताला कंप सुटला आणि त्यांनी ते बंद केलं. मशीन घरी आणलं, त्यावर कव्हर घातलं, आणि ते कव्हर पुन्हा निघालंच नाही. तेव्हापासून आम्ही त्यांच्याशी फार जपून वागत होतो. त्यांनी विसरून आमटीत दोनदा मीठ घातलं तरी आम्ही भुरके मारून खायचो.

मी घरूनच काम करते. अजून बांधायच्या घरांची चित्रं संगणकावर तयार करते, आणि एकेका चित्रासाठी यंत्र तासन्‌तास एकटं राबतं. म्हणून यंत्रही मीच जुळवलं, चपलांच्या खोक्याहून थोडं मोठं. एवढ्याशा डब्यात हवेचा रस्ता हाच खरा प्रश्न असतो. पुढून गार हवा आत घ्यायची, मागून गरम बाहेर टाकायची. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय सगळ्यात वर बसतो. त्याचा पंखा मी वरच्या जाळीकडे तोंड करून बसवला, म्हणजे त्याला स्वतःची ताजी हवा मिळते, आतली उष्टी हवा खावी लागत नाही. या मांडणीचा मला केवढा गर्व होता! प्रणेश, माझा नवरा, म्हणायचा की पोर झालं तरी तू त्याला इतकं निरखणार नाहीस.

एके दुपारी मामंजी टेप घेऊन आले आणि त्या डब्याची मापं घेऊ लागले. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज आला. मी आणि प्रणेश एकमेकांकडे बघतच राहिलो. दिवेलागणीला त्यांनी माझ्या डब्यावर मरून रंगाचं कव्हर चढवलं. पुढची बटणं मोकळी, मागच्या वायरी मोकळ्या, फक्त वरून आणि दोन्ही बाजूंनी झाकलेलं. डावी बाजू लोंबत होती आणि शिवण नागमोडी गेली होती. मी म्हटलं, फार सुंदर झालंय. डोळे भरून आले होते, त्यामुळे ते खोटंही वाटलं नाही.

वरची जाळी बंद झाली हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्या संध्याकाळी चित्र अर्ध्यावर असताना यंत्र तापून बंद पडलं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच, आणि गिऱ्हाईक चिडलं. मी कव्हर काढून ठेवायचे, मामंजी दिवा लावून झाला की पुन्हा घालायचे. प्रणेश म्हणाला, सांगून टाक त्यांना. मी त्याच्यावरच उखडले. इतक्या महिन्यांनी ते मशीनला बसले, आणि पहिल्याच कामाला नावं ठेवायची? पुन्हा उठून गेले तर?

मग मी माझ्या गर्वाला मुरड घातली. मामंजी वामकुक्षी घेत असताना स्क्रू काढले आणि पॉवर सप्लाय उलटा बसवला. पंखा आता खाली, डब्याच्या आत बघू लागला. बिचाऱ्याच्या नशिबी उष्टी हवा आली. यंत्र बंद पडायचं थांबलं, पण आवाज वाढला. तो ऐकताना आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटायचं.

प्रणेशच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी दुपारी जेवताना मामंजींनी विचारलं की हा डबा हल्ली एवढा का घोंघावतो, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मी टेबलाखालून त्याला पाय मारला, तो मामंजींना लागला.

मामंजींनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले आणि माझ्या टेबलाशी आले. कव्हर काढून त्यांनी जाळीवर हात ठेवला.

"इथून हवा घेत होतं?"

मी मान डोलावली.

"आणि शिवण? ती तरी बरी आहे?"

मी कव्हराची घडी घालू लागले.

"ईश्वरी, दुकानात ब्लाउज बिघडला की बायका तोंडावर फेकायच्या. मी उसवायचो, पुन्हा शिवायचो. कधी वाईट वाटलं नाही. तुम्ही सगळे वर्षभर सुम्ने, उगाचच, छान छान म्हणता. तेव्हा मला कळतं, यांनी आता मला सोडून दिलं, अल्वा? हो ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात मी सगळ्यांवर उखडते, फक्त त्यांच्यावर नाही. तो त्यांचा मान आहे असं मी समजत होते.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला. ते शेजारी उभे राहिले. पॉवर सप्लाय काढून मी पुन्हा वर तोंड करून बसवला.

"जाळीवर कापड नको," मी म्हटलं. "तेवढा चौकोन मोकळा सोडा. डावी बाजू बोटभर लांब झालीय, आणि शिवण वाकडी आहे."

"आणखी?"

"परवाची आमटी खारट होती."

"ते माहीत आहे. मी पण खाल्ली."

त्यांनी टेप गळ्यात अडकवला, कव्हर उलटं केलं आणि मशीनशी बसून उसवायला घेतलं. हात थरथरत होता, एकेक टाका सुटायला वेळ लागत होता. मी मदतीला पुढे झाले नाही. त्या दिवशी दिवेलागण झाली तरी आमच्या घरात दोन यंत्रं उघडीच राहिली.