तपासनीसांचं ‘छान’

सत्य हा संसाराचा पाया आहे, आणि घरात खोटं बोलणारा माणूस बाहेर कितीही मोठा असला तरी आतून पोकळच, असं तपासनीसांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी त्या दुपारी बायकोला पुन्हा एकदा ऐकवलं, तेव्हा त्यांच्या तोंडात चमचाभर फेटलेलं क्रीम होतं आणि ते क्रीम खारट होतं.

"कसं झालंय?" बाईंनी विचारलं.

"छान," तपासनीस म्हणाले.

तपासनीस वजनमाप खात्यात नोकरीला होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग कपाळ. काटा केसभर हलला तरी तराजू जप्त. पण लग्नानंतर नव्या नवलाईत ते एकदा बायकोला "भाजी जरा अळणी वाटते का गं?" असं विचारून बसले होते. त्यावर घरात जी शांतता पसरली ती त्यांना अजून आठवत होती. तेव्हापासून घरच्या प्रत्येक पदार्थाला त्यांचा एकच शेरा होता. करपलं, छान. कच्चं राहिलं, छान. सासूबाईंनी एकदा चुकून धुण्याच्या सोड्यात काहीतरी शिजवलं, तेही छान.

ओट्यावर पसारा होता. केकच्या स्पंजचा गोल जाळीवर निवत होता. तो दोऱ्याने आडवा कापून त्याचे थर करायचे होते. पीच सोलून ठेवले होते, चेऱ्यांच्या बिया काढल्या होत्या, आलुबुखार चिरायचे बाकी होते. उन्हाने क्रीम पातळ होऊ नये म्हणून त्याचं पातेलं बर्फाच्या परातीत बसवलं होतं. संध्याकाळी नातीचा वाढदिवस होता. सूनबाई ड्यूटीवर, म्हणून मुलगा एकटाच नातीला घेऊन येणार होता.

मुलगा येणार हीच खरी धास्ती होती. मागच्या वेळी तो दारातून आत आला तेव्हा शेगडीचा गॅस सुरू होता आणि ज्योत विझलेली होती. बाई तिथेच उभ्या राहून कांदा चिरत होत्या. तपासनीस गॅलरीत घोरत होते. मुलाने खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं आणि आईकडे असं पाहिलं की तिने सुरी खाली ठेवली. "आई, तू विसरायला लागलीस," तो म्हणाला. "पुन्हा असं काही दिसलं तर ही शेगडी उचलून नेईन. दोघांना डबा लावून देतो." मुलगा बापावर गेला होता. जप्ती म्हणजे जप्ती.

बाईंनी साखरेची बरणी झाकण लावायला उचलली आणि थबकल्या. बरणी चष्म्याजवळ नेली, दाणे बोटांत चोळले.

"अहो, हे मीठ आहे!"

"हो का?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना."

"मग छान कशाला म्हणालात?"

"म्हटलं, नवीन पद्धत असेल."

बाईंना एरवी हसू आलं असतं. त्या स्टुलावर बसल्या. तपासनीसांना मग उशिराने, खात्याच्या वेगाने, एक प्रश्न सुचला.

"पण तू तर माझ्याआधी चाखलंस ना?"

बाईंनी बरणीला झाकण लावलं.

"मला काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "मागे ताप आला होता ना, त्यानंतर वासही येत नाही आणि चवही लागत नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. वाटलं, येईल परत. तुम्ही रोज छान म्हणायचात, म्हणून मला वाटायचं, हाताला तरी सगळं आठवतंय."

तपासनीसांनी क्रीमचा चमचा खाली ठेवला. गेले कित्येक दिवस ते कधी खारट, कधी बिनमिठाचं, कधी तिखटाने डोळ्यांत पाणी आणणारं मुकाट गिळत होते. आपल्या सोशिकपणाचं त्यांना मनातून कौतुकही वाटत होतं. त्यांनी एकदा जरी तोंड वाकडं केलं असतं तर हिला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेता आलं असतं. गॅसच्या दिवशी ती विसरली नव्हती, तिला वासच आला नव्हता, हेही मुलाला सांगता आलं असतं.

"त्याला सांगून टाक ना," ते पडेल आवाजात म्हणाले.

"काय सांगू? विसरते म्हणून शेगडी नेणार होता, आता वास येत नाही म्हणून नेईल." बाई उठल्या. "ते राहू द्या. क्रीम आणा दुसरं. आणि आल्यावर मला नवरा नकोय, तपासनीस पाहिजे. कळलं?"

भर उन्हात ते डेअरीत गेले आणि डब्यात बर्फ घालून क्रीम घेऊन आले. बाईंनी ते फेटलं, या वेळी बरणीवरची चिठ्ठी वाचून साखर घातली आणि चमचा पुढे केला.

"बरं आहे."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे... गोड कमी आहे." त्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, आता ती शांतता येणार. पण नुसती साखर आली.

स्पंजची कड तोंडात टाकून ते बराच वेळ चावत राहिले. "कोरडा झालाय गं."

बाईंचा चेहरा पडला. स्पंज ओव्हनमधून कधी काढायचा हे त्यांनी कधी घड्याळाला विचारलं नव्हतं. घरभर वास दरवळला की झाला. आज त्या दरवळाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी पीचचा रस काढला, साखर विरघळवून थरांवर चमच्याने सोडला. मग क्रीम, फळं, पुन्हा थर. हात सराईत होते, पण प्रत्येक टप्प्यावर त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. इतकं त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला. आधी शेगडीकडे गेला, वाकून हुंगलं, मग टेबलाशी बसला. नातीने मेणबत्ती फुंकली, दोन घासांत तुकडा संपवला आणि चेऱ्या वेचायला लागली.

"मस्त झालाय," मुलगा म्हणाला. "बाबा, कसा आहे?"

हे त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं.

"खालचा थर अजून कोरडाच आहे," तपासनीस म्हणाले. "आलुबुखार आंबट आहेत. क्रीम मात्र बरोबर आहे."

मुलाचा चमचा हवेतच राहिला. "आई, बाबांना बरं नाहीये का?"

"बाबा ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "मला बरं नाही." आणि त्यांनी ताप, वास, गॅस, मीठ सगळं सांगितलं. नात चेरी वेचायची थांबली.

मुलाने चमचा ताटलीत ठेवला. "म्हणजे विसरत नाहीस तू," तो हळूच म्हणाला. मग त्याच्यातला तपासनीस जागा झाला. "उद्या डॉक्टर. आणि वास येईपर्यंत शेगडी बंद. तुला समोरचा गॅस कळत नाही, आई!"

"तिला नाही कळत, मला कळतो," तपासनीस उभे राहिले. "शेगडी पेटली की मी गॅलरीत नाही, इथे बसेन. नाक माझं, जीभ माझी."

"बाबा, तुम्ही सगळ्याला छान म्हणता."

"म्हणत होतो. आत्ता काय म्हणालो?"

मुलाने केकच्या खालच्या थराचा तुकडा तोडला, चावला. कोरडा होता. "डॉक्टर काय म्हणतो ते बघू," तो पुटपुटला. "तोवर राहू दे शेगडी."

तपासनीसांचा ऊर भरून आला. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून या घरात मी फक्त खरं बोलणार," ते गदगदून म्हणाले. "पदार्थांबद्दल, कपड्यांबद्दल, तुझ्या भावाबद्दल, तुझ्या गाण्याबद्दल, सगळ्याबद्दल!"

बाईंनी डोळे पुसले आणि त्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मिठापुरतंच बोला."