काचेआडचं ऊन

जुन्या नकाशांच्या संग्रहालयात, तळघरात बसून कागद दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे वाळवी म्हणत, तेही तोंडावर. तिला राग येत नसे. वाळवीइतकं कागदातलं कळतं कोणाला, असं ती उलट विचारी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक नकाशाचं ती आधी स्थितीपत्रक भरी. स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट हाती आला तेव्हाही सवयीने तिने एक कोरं पत्रक पुढे ओढलं.

वस्तू: बाई, एक. वय बावन्न.

ठेवण्याची जागा: तळघर. सव्वीस वर्षं. खिडकी नाही. उन्हाने कागद पिवळा पडतो, शाई उडते, म्हणून उन्हाशी तिचं उभं वैर.

इजा: ड जीवनसत्त्व नऊ, वीस तरी हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक एक, पाच पूर्णांक सातच्या आत हवी.

"मधुमेह नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण त्याच्या उंबरठ्यावर आहात."

"उंबरठ्यावरून मागे फिरता येतं ना?"

"येतं. खूपजण फिरतात. चालायचं, ताट बदलायचं, थोडं वजन उतरवायचं. आणि ही ड ची गोळी."

"ड वाढलं की साखर उतरते?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत. ड कमी असलेल्यांत हा धोका जास्त दिसतो, एवढं खरं. कोण कोणाला ओढतंय, यावर अजून वाद आहे. पण नऊ तुमच्या हाडांनाही परवडणारं नाही."

घराण्यातली जुनी इजा: वडील शिंपी. एकदा पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर लाल ठिपका उमटला, मग दुसरा. सुई बोटात रुतली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. साखरेने आधी पाय बधिर केले होते, मग बोटं. "हे रक्त माझंच का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर चादर पडली ती पडलीच.

वाळवी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगते की कागदातले तंतू उभे आहेत की आडवे. ठिगळ त्याच दिशेने बसवावं लागतं, नाहीतर नकाशा सुरकुततो. ते बोट गेलं तर तिच्याकडे उरतं काय? हा रकाना तिने कोरा ठेवला.

उपचार, पहिला: तिच्या धंद्यात एका वेळी एकच. दोन औषधं एकदम लावली तर कशाने बरं झालं ते कागद सांगत नाही. म्हणून आधी फक्त ऊन. गोळ्या गेल्या ड्रॉवरमध्ये. रोज दुपारी ती वरच्या वाचनकक्षात, मोठ्या खिडकीपाशी, बाह्या सारून अर्धा तास बसू लागली.

नवरा बसचा ड्रायव्हर. त्याने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. खिडकीकडचा हात दुसऱ्याचा थोरला भाऊ वाटावा इतका रापलेला. "लागला तर हा उसना नेत जा."

"नको, माझे मी भाजीन."

निकाल: तीन महिन्यांनी ड दहा. साखर सहा पूर्णांक दोन.

"ऊन घेतलंत?"

"एक दिवस चुकवला नाही."

"कुठे बसून?"

"वाचनकक्षाच्या खिडकीत."

"उघड्या?"

"बंद. वर फिल्मही आहे," वाळवी म्हणाली. त्या खिडकीवर घातक किरण अडवणारी फिल्म अकरा वर्षांपूर्वी शिडीवर चढून तिनेच चिकटवली होती. एकेक बुडबुडा खेळायच्या पत्त्याच्या कडेने दाबून बाहेर काढला होता.

"साध्या काचेतूनही कातडीला ड बनवायला हवा तो किरण फारसा येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात फिल्म. चांगली आहे का?"

"अकरा वर्षांत एक नकाशा फिका पडला नाही," वाळवी म्हणाली. "तीन महिन्यांत मीही रापले नाही."

दोघी हसल्या. वाळवीचं हसू जिन्यापर्यंत टिकलं. मग वडिलांची बोटं आठवली, आणि वाया गेलेले तीन महिने. पण फसलेलं ठिगळ ओलं करून सोडवायचं आणि पुन्हा बसवायचं, हे तिने शेकडो वेळा केलं होतं.

उपचार, दुसरा: सगळं एकदम. नियम गेला खड्ड्यात. गोळी ड्रॉवरमधून बाहेर आली. ताटातला भात निम्मा झाला. संध्याकाळी नवऱ्याच्याच बसने ती परते, आणि तो दोन थांबे आधीच दार उघडी.

"उतरा बाई."

"माझा थांबा पुढे आहे."

"डॉक्टरांनी अलीकडे आणलाय."

बस हसायची. ती उतरून चालू लागायची, तो हॉर्न वाजवून पुढे जायचा.

निकाल: चार महिन्यांनी ड सत्तावीस. साखर पाच पूर्णांक आठ. उंबरठा अजून सुटलेला नाही, पण पाऊल मागे पडलंय.

कशाने: माहीत नाही. असं तिने सव्वीस वर्षांत कुठल्याही पत्रकावर लिहिलं नव्हतं. आता लिहिलं, आणि खाली सही केली.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं दुपारी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसले होते, उघड्यावर. त्याने खिशातून कसलासा कागदाचा तुकडा काढला.

"सांग बघू. उभे की आडवे?"

"परीक्षा घेताय?"

"भीती वाटते का?"

तिने डोळे मिटले आणि बोट एकदाच फिरवलं. "आडवे. फाडा."

त्याने तंतूंच्या दिशेने, आडवा फाडला. कागद सरळ रेषेत, न अडता फाटत गेला.

"बरं," तो म्हणाला, "पण विजेचं बिल होतं ते."

"भरलेलं ना?"

"भरलेलं."

"मग सरका जरा. माझ्या उन्हात सावली पडतेय तुमची."